मीठ न लागणारं भेदरं

दसरा होऊन आठ दिवस झाले, की मी वाफ्यातली टमाटरची रोपं उपटून सरीत लावायला घेते आणि माझ्या बोटांना तो वास येतो. हा वास फळाला नसतो, फुलाला नसतो, फक्त पानाला आणि देठाला असतो. जरा कडवट, जरा औषधी. साबणानं हात धुतले तरी दुपारच्या जेवणापर्यंत जात नाही, घासाबरोबर नाकाशी येतो. आमचे हे म्हणतात, "तुझ्या हातच्या पोळीला दसऱ्यापासून होळीपर्यंत झाडपाल्याचा वास मारतो." म्हणोत बापडे. जन्मभर बिजलीघरात नोकरी केलेल्या माणसाला कोळशाचा वास कळतो, त्याच्याशी पानांबद्दल काय वाद घालायचा. मी अंगणात उकिडवी बसून दोन्ही हात नाकाशी नेते आणि तेवढा वेळ सतरा वर्षांची असते.

नागपूरच्या बाजारात त्याला टमाटर म्हणतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात टोमॅटो होतं. आणि माझी माय त्याला भेदरं म्हणे. वस्तू एकच, पण टमाटर विकत आणायचं, टोमॅटो परीक्षेत लिहायचा आणि भेदरं खायचं, अशी आमच्या घरात कामाची वाटणी होती. नागपूरचं नाव काढलं की लोकांना संत्रं आठवतं. आठवू दे. संत्र्याचं कौतुक करायला सगळा देश बसलाय. आमच्या हिवाळ्याचं खरं फळ मात्र भेदरं होतं. ते दारामागे लागायचं आणि सकाळी तोडायला गेलं की हाताला बर्फासारखं गार लागायचं.

आमचं घर तांडापेठेत, कोष्ट्यांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत माझ्या वडिलांचा, बाबूजींचा माग, मधे चूल, आणि मागे सांदवाडी, म्हणजे भिंतीच्या आत अडकलेली चार खाटांएवढी काळी जमीन. त्या चार खाटांएवढ्या जमिनीत माय अकरा जातींची भेदरं लावायची. एक चपटं, फाकाफाकांचं, डांगराचं पिल्लू असावं तसं. एक बोराएवढं, घोसानं लागणारं. एक अंड्याच्या आकाराचं, ज्याची चटणी घट्ट व्हायची. एक पिकूनही खांद्यापाशी हिरवं राहणारं. एक उमरेडच्या माझ्या मावशीकडून आलेलं, एक कन्हानच्या बाजारातल्या भाजीवालीनं दिलेलं, एक सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याकडून लुगड्याच्या ओच्यात लपवून आणलेलं. नावं तिनं कोणालाच दिली नव्हती. पान चुरडून हुंगायची आणि सांगायची, हे ते आहे, हे ते नाही. मला त्यात काडीचा रस नव्हता. मी मॅट्रिक झाले होते आणि त्यामुळे स्वतःला फार शहाणी समजत होते.

बाबूजींना तर भेदऱ्याचं झाडही ओळखू आलं नसतं. ते मागावरून उठून जेवायला बसत आणि जेवून पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडत. ताटात आलेलं कुठल्या झाडाचं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दुपारी त्यांचे हात सुताच्या खळीनं चिकट असले, की माय एखादं भेदरं मधोमध चिरून त्यांच्या तोंडात घालायची. ते धोटा न थांबवता खायचे. दोघं बोलत नसत. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या तिच्या चरख्याचा घुर्र आवाज आणि त्यांच्या मागाचा खट्-खट्, यातच त्यांचं काय ते बोलणं होत असावं.

एक नेम मात्र ती सोडत नसे. झाडाचं पहिलं चांगलं फळ निघालं की आधी त्याचं बी काढायचं, मगच खायचं. "पयले बी, मंग तोंड," म्हणायची. बी काढून ते चिंधीवर पसरायची. चिंध्या अर्थातच मागावरच्या, काठाच्या कडेला उरलेल्या. प्रत्येक जातीला तिची ठरलेली चिंधी. गर वाळला की बी कापडाला चिकटून बसायचं, मग घडी घालून, वर कडुनिंबाची चार पानं ठेवून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पोळ्याच्या आधी डबा उघडायचा, चिंधी ओली करून बी सोडवायचं आणि पेरायचं. चिंधी धुऊन पुन्हा हिवाळ्यासाठी ठेवायची.

त्या वर्षी आषाढात ती तापानं पडली. साठचं दशक संपत आलं होतं. औषध चालू होतं, पण तोंडाची चव गेली होती. पेज नको, वरणाचं पाणी नको. एक दिवस दुपारी तिनं बाबूजींना हाक मारली. मागाचा आवाज थांबला.

"मले ते भेदरं पायजे," ती म्हणाली.

"कोनतं?"

"ज्याले मीठ लागत नाही, ते."

आषाढात भेदरं कुठून असायचं? बाजारातही नव्हतं. बाबूजी तिच्या उशाशी बसून म्हणाले, "आता कुठून आनू वं? थांब जराशी. हिवाळा येऊ दे, मंग टोपलंभर खाजो."

ती हसली आणि कूस बदलून झोपली. पुढच्या सोमवारी गेली.

त्यानंतर माग बंद पडला. कांड्या भरायला कोणी नव्हतं हे कारण होतं, पण ते खरं कारण नव्हतं. मी भरू शकत होते. बाबूजींनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या खोलीतून आवाज येईनासा झाला आणि घर इतकं मोठं वाटू लागलं की मला भीती वाटायची.

पोळ्याच्या आठवड्यात एक दिवस बाबूजी मागाच्या काठावर बसलेले दिसले. मांडीवर तो डबा होता. एकेक चिंधी उलगडून ते बोटांनी चाचपत होते. मला पाहिलं तसे बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं.

"हा पाय, तुह्या बारशाच्या सालचा काठ. हा हिरवा उमरेडच्या बाजारात गेलता. अन् हे माह्या लग्नाचं लुगडं वं, मी सोताच विनलं होतं." प्रत्येक कापड त्यांना ओळखू आलं. साल आठवलं, सूत आठवलं, त्या वेळी पाऊस कसा होता तेही आठवलं. फक्त त्यावर चिकटलेलं बी कशाचं, ते माहीत नव्हतं. चिंधी त्यांना वाचता येत होती, बी वाचता येत नव्हतं. आणि ज्या एका बाईला दोन्ही येत होतं, ती राहिली नव्हती.

"सारेच लावतो," ते म्हणाले. "चव मले ठाव हाय. तिनं भरवलं हाय मले. ते भेदरं तिले देल्ल्याशिवाय मी राहत नाही."

गेलेल्या माणसाला भेदरं कसं देणार, हे मला त्या वेळी विचारावंसं वाटलं नाही. आमच्याकडे वर्षात गेलेल्या माणसाला अक्षय तृतीयेला पहिल्यांदा जेवायला बोलवतात. पत्रावळीवर त्याच्या आवडीचं वाढतात. बाबूजींनी त्या दिवसाची मुदत धरली होती, हे मला पुढे कळलं.

दहा चिंध्यांमधलं बी त्यांनी पेरलं. अकरावी त्यांनी उलगडली, पाहिली आणि घडी घालून डब्यात परत ठेवली. "ही राहू दे," एवढंच म्हणाले.

मग जे सुरू झालं ते साऱ्या गल्लीला करमणूक होती. बाबूजींनी बाग कधी केली नव्हती, त्यांना येत होतं ते विणकाम. त्यांनी सांदवाडीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा ताणला आणि त्या दोऱ्याखाली रोपं लावली, सगळी एका अंतरावर, एकही इकडेतिकडे नाही. लकडगंजातून बांबूच्या कमट्या आणल्या आणि रोपं त्यांना अशा गाठींनी बांधली, की झाड वाळेल पण गाठ सुटायची नाही. प्रत्येक ओळीच्या कमटीला त्या त्या चिंधीचं टोक बांधलं. शेजारच्या मैनामावशी, मायची जिवाची मैत्रीण, भिंतीवरून पाहत उभ्या राहिल्या.

"काहून गा भाऊ, भेदरं विनून राहिला काय?"

बाबूजींनी मान वर केली नाही. "हो जी. जरा ताना तर नीट लागू द्या."

मैनामावशी हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

बाबूजींचा एक हिशेब पक्का होता. जीव लावलेली वस्तू माणूस जीव लावलेल्या कापडातच ठेवणार. म्हणजे ते भेदरं लग्नाच्या लुगड्याच्या चिंधीवरचं असलं पाहिजे. त्या ओळीला त्यांनी सगळ्यात चांगलं ऊन दिलं, शेणकाल्याचं पाणी दिलं, पानांवरच्या अळ्या स्वतःच्या बोटांनी वेचल्या. मार्गशीर्षात त्या झाडांना फळं लागली ती पाहत राहावी अशी. मोठी, गोल, लालबुंद. एक तोडून त्यांनी आधी बी काढलं, मग फोड तोंडात घातली. मी समोर उभी होते. ते चावत राहिले, थांबले, आणि म्हणाले, "हे नाही."

मीही खाल्लं. दिसायला नवरदेव आणि चवीला पाणी. मीठ तर लागत होतंच, तिखटही लागलं असतं.

त्यानंतर दर चार-सहा दिवसांनी एकेक जात पिकत गेली. सकाळी धुकं असायचं. आम्ही दोघं शाली पांघरून सांदवाडीत जायचो, मी हातात चिंधी घेऊन, ते सूत कापायची सुरी घेऊन. चिरायचं, बी काढायचं, चाखायचं. चपटं आलं, "हे नाही." अंड्याच्या आकाराचं आलं, "हे नाही." बोराएवढं इतकं गोड होतं की मी म्हटलं, "बाबूजी, हेच असंल." त्यांनी जरा विचार केला. मी त्यांच्या तोंडाकडे आशेनं पाहत होते. "चांगलं हाय," ते म्हणाले, "पन हे नाही." ती जीभ कोणाची भीड ठेवत नव्हती, माझी तर नाहीच. आमच्या घरी त्या हिवाळ्यात भेदऱ्याची चटणी, भेदऱ्याचं सार आणि भेदऱ्याची भाजी एवढंच शिजलं. बाकीची टोपल्या भरभरून गल्लीत गेली. लोकांनी आवडीनं खाल्ली. आम्हाला मात्र त्यांतलं एकही गोड लागत नव्हतं, कारण ते ते नव्हतं.

मला त्या हिवाळ्याची ओढ वाटते, हे सांगताना थोडी लाज वाटते. माय जाऊन सहा महिने झाले नव्हते. घरात आनंद नव्हता. पण माझ्या जन्मात बाबूजी माझ्याशी जेवढं बोलले, त्यातलं अर्धं त्या चार महिन्यांत बोलले. पहाटेचा गारठा, शेणकाल्याचा आणि पानांचा मिळून येणारा वास, बोटांना लागलेला गार चिकट रस, आणि शेजारी मान खाली घालून चावणारे बाबूजी. मी पुढे संसार केला, मुलं वाढवली, बऱ्यापैकी सुखात राहिले. तरी परत एखादाच दिवस मिळणार असेल तर मी त्यातलाच मागेन. "हे नाही" ऐकायला मिळालं तरी चालेल.

संक्रांतीच्या सुमारास दहावी जात पिकली. तीही नव्हती. बाबूजींनी सुरी पुसली, घरात गेले आणि डब्यातून अकरावी चिंधी घेऊन आले.

तिचा लाल काठ मी ओळखला. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळी अंधारात मायनं कांड्या भरल्या, बाबूजींनी विणलं, आणि ऊन पडल्यावर दिसलं की लुगड्याच्या काठात दोन लाल रंग आहेत. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या सुताच्या लडी मिसळल्या होत्या. व्यापाऱ्यानं ते लुगडं परत केलं. बाबूजी मायला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले आणि मग आठ दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. ते लुगडं घरातच फाडून वापरलं गेलं. तिनं त्यातली चिंधी बियाण्याला घेतली होती.

बाबूजी सरीच्या कडेला बसले. चिंधी त्यांच्या गुडघ्यावर होती.

"त्या लडी मीच देल्लो होतो वं तिच्या हाती," ते म्हणाले. "माहीच चूक हाय, हे मले तवाच कळलं होतं. पन बोललो तिले. अन् तिनं..." मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

दोन लालांची ती चिंधी डोळ्यांसमोर नको, म्हणून त्यांनी पोळ्याला ती पेरली नव्हती. आता पेरायची तर चार महिने उशीर झालेला. भेदऱ्याचं सारं सुख थंडीत असतं. नागपूरच्या उन्हात फूल लागतं आणि गळून पडतं. तरी आम्ही पेरलं. वीसएक बिया होत्या, सहा उगवल्या. त्यांतल्या तीन मर लागून गेल्या, दोन किड्यानं बुडाशी कापल्या, एक राहिली.

होळी झाली. बाकीच्या ओळी वाळून गेल्या, त्या उपटून टाकल्या. रिकाम्या सांदवाडीत ते एकच झाड उभं होतं आणि दुपारी पानं अशी मिटून घ्यायचं की बघवत नसे. माझं लग्न तोवर ठरलं होतं. घरात कोणी गेलं की आमच्यात वर्षाच्या आत लग्न करून टाकतात, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलगा खापरखेड्याला बिजलीघरात होता आणि तारीख ज्येष्ठातली होती. एका सकाळी बाबूजी झाडाकडे पाहत पाहत मला म्हणाले, "कांड्या भरून देतं काय वं मले?"

मी मायच्या चरख्यावर बसले. नऊ महिन्यांनी पुढच्या खोलीत खट्-खट् सुरू झालं. मी चरखा फिरवत होते आणि रडत होते, आणि सूत तुटू नये म्हणून रडणं आवरत होते. आवाज ऐकून मैनामावशी कणकेच्या हातानं धावत आल्या.

"विनून राहिले वं तुहे बाबूजी? कोनाचं लुगडं हाय?"

"भेदऱ्याचं," मी म्हटलं.

खरंच होतं ते. त्यांनी विरळ कापड विणलं, उजेड आत यावा आणि ऊन अडावं इतकं विरळ. चार बांबूंवर ते झाडावर ताणलं. बाजूंनी ओली पोती. सकाळ-संध्याकाळ मी पाणी घालायचे, दुपारी ते स्वतः कापडावर पाणी शिंपडायचे. तीन फळं धरली. एक खारीनं नेलं. एक उन्हानं पांढरं पडून गळलं. उरलेलं एक अक्षय तृतीयेच्या आधी चार दिवस रंगावर आलं. लाल नाही, पिवळं नाही, मधलाच काही फिकट रंग, आणि आकार मुलाच्या मुठीएवढा.

सणाच्या दिवशी नवी लाल घागर भरली, पत्रावळ मांडली. मी वडे, भात, कढी, चिंचवणी केली होती. नेहमीप्रमाणे पानाच्या डाव्या कोपऱ्यात आधी मीठ वाढलं. बाबूजींनी ते भेदरं हातात घेतलं. माझ्या मनात एकच चाललं होतं. हे असंच वाढलं, तर बी संपलं. ही जात या जगातून गेली. पण नैवेद्याच्या वस्तूला आधी चिरायचं कसं, हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

"पयले बी," ते हळूच म्हणाले, "तिचाच नेम हाय." त्यांनी सुरीनं भेदरं चिरलं, दोन लालांच्या त्याच चिंधीवर बी काढलं आणि दोन्ही फोडी पानावर ठेवल्या. मग डाव्या कोपऱ्यातलं मीठ बोटानं पुसून घेतलं. "मीठ नको ठेवू."

गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी टाकली, पानातल्या प्रत्येक जिनसेचा थोडा थोडा घास. तुपाबरोबर भेदऱ्याचा एक तुकडा चरचरला. त्यांच्या बोटांना रस लागलेला होता. ते एकदा बोट चाटतील आणि कळेल, असं मला वाटलं. त्यांनी ती बोटं धोतराला पुसली. नैवेद्य चाखत नसतात. त्यामुळे ते तेच होतं की नाही, हे आम्हाला कधी कळलंच नाही.

लग्नात सगळ्यांनी काय काय दिलं. बाबूजींनी ती चिंधी दिली. "मी दहा सांभाळतो. हे तू लाव," म्हणाले.

आणि मी काय केलं? जपून ठेवलं. कॉलनीतला आमचा क्वार्टर वरच्या मजल्यावर होता. कुंडीत लावता आलं असतं. पण कुंडीत जगलं नाही तर? बी मोजकं होतं. जमीन मिळू दे, मग लावू, असं म्हणून मी चिंधी पेटीच्या तळाशी, शालूच्या घडीत ठेवली. पहिल्याच हिवाळ्यात माहेरी गेले तेव्हा बाबूजींनी विचारलं, "लावलं काय वं?" मी लाजेनं "लावलं" म्हटलं. पुढच्या वर्षी "लागलं काय?" विचारलं. "लागलं." एकदा खोटं बोललं की त्याला पाणी घालत राहावं लागतं. एखादं घेऊन ये म्हणायचे, तर मी कधी संपलं म्हणायची, कधी बसमध्ये चेपलं. ते मुलीच्या घरचं पाणी न पिणाऱ्या पिढीतले, त्यामुळे येऊन पाहायची शक्यता नव्हती. मी हसून सांगायची, ते मान डोलवायचे आणि आपल्या दहा जातींच्या गोष्टी सांगायचे. पुढे त्याही एकेक करून गेल्या. त्यांचे डोळे अधू झाले, ओळी वाकड्या झाल्या.

नऊ वर्षांनी आम्हाला खालचा क्वार्टर मिळाला, पुढे अंगण असलेला. पोळ्याला मी चिंधी ओली केली. सगळं बी पेरलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. वाफ्यात गवत उगवलं. बियाण्याला किती दिवस धीर असतो, हे मायला विचारायला हवं होतं. ती दर वर्षी पेरायची, म्हणूनच तिचं बी दर वर्षी जिवंत होतं. मी सांभाळून सांभाळून ते मारलं. हे मी आमच्या ह्यांनाही पुष्कळ वर्षं सांगितलं नाही.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात बाबूजी अंथरुणाला लागल्याचा निरोप आला. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, काही खात नाहीत, भेदरं आण म्हणतात. मी नागपूरला उतरले, बाजारात गेले आणि भाजीवालीच्या शिव्या खात पाऊण तास टमाटर निवडले. त्यातल्या त्यात फिकं, मुठीएवढं एक घेतलं. पण बाजारच्या टमाटरला पानाचा वास नसतो. म्हणून निघतानाच मी शेजारणीच्या कुंडीतला एक डहाळा खुडून आणला होता. तो चुरडून त्या टमाटरला चोळला आणि रुमालात बांधलं.

बाबूजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी फळ हातात घेतलं, नाकाशी नेलं, बराच वेळ हुंगलं.

"चिंधी आन," म्हणाले.

ती माझ्याजवळच होती. रिकामी चिंधी मी का नेली होती, कोण जाणे. त्यांनी अंदाजानं चिरलं, बी कापडावर काढलं, आणि फोड तोंडात घातली. मी खाटेच्या पायाशी उभी होते. त्या जिभेनं दहा वेळा "हे नाही" म्हटलेलं मी ऐकलं होतं. आता अकराव्यांदा ऐकायची माझी तयारी झाली होती. बरंच झालं असतं, एकदाची सुटले असते.

ते चावत राहिले.

"हेच हाय वं," ते म्हणाले. "हेच."

मी मीठ आणू का विचारलं. त्यांनी मान हलवली. दुसरी फोडही तशीच खाल्ली. मग हातानं चाचपत चिंधीची घडी घातली, तिला आपली ती न सुटणारी गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. माझा हात त्यांनी लगेच सोडला नाही.

"आता थांबू नको, पोरी," ते म्हणाले. "जमिनीची वाट नको पाहू. यंदाच लाव. मी तिले थांब म्हनलो होतो."

त्यांना किती वर्षांपासून ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. होळीच्या आधी ते गेले.

त्या दिवसापासून एकही हिवाळा मी चुकवलेला नाही. अंगणात लावलं, कुंडीत लावलं, बदली झाली तेव्हा तेलाच्या डब्यात लावलं. आता कन्हानला नदीच्या अलीकडे आमचं घर आहे, मागे थोडी जमीन आहे. बाकी जातीही गोळा केल्या, नऊ झाल्या आहेत. त्यात बाजारातलं ते टमाटर पहिल्या ओळीत, दोरा ताणून, सगळ्यात चांगल्या उन्हात. नातवंडं विचारतात हे कोणतं, तर मी सांगते, हे तुमच्या पणजीचं. चिंधी तीच आहे, दोन लालांची. धुऊन धुऊन दोन्ही लाल आता एकच झाले आहेत.

पहिलं फळ निघालं की मी आधी बी काढते. मग आम्ही दोघं ओसरीत बसतो, हे फोड उचलतात आणि मिठाचा डबा माझ्याकडे सरकवतात. दर वर्षी सरकवतात. या भेदऱ्याला मीठ लागतं, चांगलं चिमूटभर लागतं. मी डबा परत त्यांच्याकडे सरकवते आणि तसंच खाते.